कैलासाचे उमेदवार

ग्रामपंचायतीचा उमेदवार पाच वर्षांतून एकदा उगवतो आणि निकाल लागला की मावळतो. कैलासाचा उमेदवार मात्र बारमाही असतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या जानेफळसारख्या, ना धड खेडं ना धड शहर अशा गावात तो हमखास सापडतो. वय साधारण पंचावन्न ते अडुसष्ट. नुकताच निवृत्त झालेला मास्तर किंवा ग्रामसेवक, नाहीतर मुलाच्या हाती दुकान सोपवून गल्ल्याच्या बाजूच्या खुर्चीवर सरकलेला कृषी सेवा केंद्रवाला. कर्ज फिटलेलं, पोरीचं लग्न उरकलेलं, गुडघे अजून बोलायला लागलेले नाहीत. चारधाम झालेलं असतं, पण ते बसमधून. आता त्याला आयुष्यातली पहिली परदेशी यात्रा करायची असते, तीही पायी, आणि तीही थेट कैलास-मानसरोवराची. हा माणूस भाविक असतो, हौशी असतो, अभ्यासू तर असतोच असतो. त्याची टिंगल करणं सोपं आहे आणि गावात ती पुष्कळ होते. ‘कैलास’ला पुढे काय जोडायचं हे पारावरच्या मंडळींना शिकवावं लागत नाही. पण टिंगलीपलीकडे त्याच्याबद्दल एक म्हणणं नीट मांडण्यासारखं आहे. ते असं, की हा उमेदवार यात्रेतल्या प्रत्येक गोष्टीची तयारी करतो, फक्त चालण्याची सोडून. आणि हे त्याच्या आळसापायी होत नाही. जी तयारी चारचौघांना दाखवता येते तीच खरी, अशी आपण सगळ्यांनी मिळून समजूत करून घेतली आहे, आणि तो बिचारा तिचा प्रामाणिक शिष्य आहे.

त्याच्या अभ्यासाला तर तोड नाही. ही यात्रा परराष्ट्र मंत्रालय भरवतं, ती १९८१ साली पुन्हा सुरू झाली, तिला दोन वाटा आहेत, एक उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून आणि दुसरी २०१५ मध्ये उघडलेली सिक्कीममधल्या नाथू ला खिंडीतून, हे सगळं तो चहाचा पहिला घोट पोटात जाण्याआधी सांगून मोकळा होतो. २०१७ साली डोकलामचा भारत-चीन तंटा झाला तेव्हा नाथू लाची वाट बंद राहिली. २०२० पासून तर अख्खी यात्राच पाच वर्षं बंद पडली, ती २०२५ च्या जूनमध्ये उघडली. त्या वर्षी देशभरातून ५,५६१ जणांनी अर्ज केले आणि संगणकाच्या सोडतीत ७५० जणांचे नंबर लागले : लिपुलेखकडून पन्नास-पन्नासच्या ५ तुकड्या, नाथू लाकडून १०. त्या वर्षीचा खर्च लिपुलेखकडून माणशी सुमारे १ लाख ७४ हजार, नाथू लाकडून २ लाख ८३ हजार. हा खर्च तो रुपयांत सांगून थांबत नाही, कारण रुपयांत तो ऐकणाऱ्याच्या अंगावर येत नाही. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये; त्या हिशेबाने लिपुलेख तेहतीस क्विंटलला पडतो आणि नाथू ला त्रेपन्न क्विंटलला. ‘हमीभाव भेटला तं,’ असं कोणीतरी मधूनच म्हणतं आणि चर्चा कैलासावरून घसरत घसरत बाजार समितीत येऊन पडते. नेपाळमार्गे खाजगी टूरवाल्यांबरोबर सोडतीशिवायही जाता येतं, हे त्याला ठाऊक असतं. पण सरकारी यादीत नाव लागण्यात जो मान आहे तो नुसते पैसे मोजण्यात नाही, म्हणून तो सोडतीवरच अडून बसतो.

एवढ्या माहितीत एकच आकडा तो जरा घाईने उरकतो, आणि तो म्हणजे चालायचं किती. पूर्वी लिपुलेखच्या वाटेवर जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास किलोमीटर तुडवावे लागत. आता दोन्ही वाटांवर रस्ते झाल्यामुळे बहुतेक अंतर गाडीनेच कापलं जातं आणि पायांच्या वाट्याला खऱ्या अर्थाने उरते ती कैलासाची परिक्रमा. ती सुमारे ५२ किलोमीटरची, तीन दिवसांची. पहिल्या दिवशी दारचेनजवळच्या यमद्वारापासून दिरापुक, दुसऱ्या दिवशी डोल्मा ला ही खिंड ओलांडून झुथुलपुक, तिसऱ्या दिवशी परत दारचेन. डोल्मा लाची उंची सुमारे ५,६३० मीटर, आणि तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. म्हणजे साऱ्या यात्रेचा कस लागतो तो त्या दुसऱ्या दिवसात. तिबेटी यात्रेकरू हीच परिक्रमा पुष्कळदा एका दिवसात उरकतात, आणि काही जण ती दंडवत घालत दोन-तीन आठवड्यांनी पुरी करतात. या दोन्ही गोष्टी आपला उमेदवार वाचून असतो, पण सांगत नाही. पहिलीने त्याच्या तीन दिवसांचं तेज कमी होतं आणि दुसरीने त्याच्या बुटांचं.

तयारीचा पहिला अध्याय कागदांचा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बापाचं नाव एक, आधारवर दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरंच, असा तिपेडी गुंता पासपोर्टच्या निमित्ताने प्रथमच उजेडात येतो. तो सोडवायला प्रतिज्ञापत्र, मग राजपत्र, मग पुन्हा आधार केंद्र अशा फेऱ्या होतात. (या फेऱ्या मोटारसायकलवर होतात, नाहीतर पायांची तयारी इथेच झाली असती.) मग एक दिवस पोलीस ठाण्यातून शिपाई पडताळणीला येतो आणि सगळी गल्ली दारात उभी राहते. त्या दिवसापासून तो गावाच्या लेखी निघालेलाच असतो. पुढचे कागद खरं तर सोडतीत नंबर लागल्यावर द्यायचे, पण हा ते आधीच छापून आणतो : नुकसानीची जबाबदारी स्वतःवर घेणारं हमीपत्र, हेलिकॉप्टरने आणायची वेळ आली तर त्यासाठीचं प्रतिज्ञापत्र, आणि चीनच्या हद्दीत मरण आलं तर तिथेच अंत्यसंस्कार करायला संमती असल्याचा फॉर्म. हा तिसरा कागद तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. पाहणारा गंभीर होतो आणि उमेदवाराची उंची दोन बोटं वाढते. त्याच्या घरच्या बाईवर मात्र या कागदाचा काडीचा परिणाम होत नाही. ‘हे ठीक हाय,’ ती म्हणते, ‘पन मोटारीचं लाइटबिल कोनाच्या नावावर कराचं तेही लिहून ठेवा.’

दुसरा अध्याय वजनाचा. यात्रेचा नियम असा, की वय १८ ते ७० आणि बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याच्या आत. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. साडेपाच फुटी माणसाचं वजन त्या हिशेबाने सत्तर किलोपर्यंत चालतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या साठीच्या पोटाला हा नियम जाचक वाटणं साहजिक आहे. उमेदवार अडत दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभा राहतो. आकडा चौऱ्याहत्तर दाखवतो. सोयाबीनच्या वजनातून ओलाव्यापोटी किलो-दोन किलो बिनदिक्कत कापणारा व्यापारी त्याच्या वजनातून मात्र काही कापायला तयार होत नाही. मग उपाय सुरू होतात. रात्रीची भाकर बंद, सकाळी कोमट पाण्यात लिंबू, दुपारी काकडी. उंचीचाही विचार होतो, कारण भागाकारात ती खाली येते आणि ताठ उभं राहिलं तर अर्धा इंच पदरात पडतो. या सगळ्या गणितात चाललं की वजन उतरतं ही गोष्ट कुठेच येत नाही. येत नाही ती अज्ञानामुळे नव्हे. भाकर सोडल्याचं चौघांत सांगता येतं, त्यावर चौघे ‘वा’ म्हणतात. चालून आलो म्हटलं तर एवढंच विचारतात, की गाडी पंक्चर झाली होती का?

तिसरा अध्याय खरेदीचा, आणि तो सगळ्यांत रंगतदार. अर्ज भरायचे दिवस एप्रिल-मेचे, म्हणून कपड्यांची तयारीही तेव्हाच. बाहेर पारा चाळिशीपार, कूलर गरम हवा फेकतोय, आणि उमेदवार खोलीत पिसांचं जॅकेट, लोकरी कानटोपी आणि दुहेरी हातमोजे घालून आरशासमोर उभा. तो पडताळून पाहत असतो. काय पडताळतो हे विचारू नये. चालायच्या काठ्या जोडीने येतात : एक तो हातात धरून बघतो, दुसरी वानरं हाकलायला माळवदावर जाते. कापराच्या पुड्या येतात. कापूर हुंगला की दम लागत नाही अशी सगळ्यांची खात्री असते. कापराने रक्तातला प्राणवायू वाढत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण डॉक्टर कुठे कैलासाला जाऊन आलेत, या प्रश्नापुढे त्यांचं काही चालत नाही. खाण्याचंही आधीच ठरतं : शेंगदाण्याची चटणी, खारोड्या, आणि तूरडाळ. डाळ नेऊ नये हे सांगायला कोणी नसतं. मानसरोवर सुमारे ४,५९० मीटरवर आहे. तेवढ्या उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि आपली वऱ्हाडी तूर एवढ्याने मऊ व्हायची नाही. पण या अध्यायाचा नायक म्हणजे बूट. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे, खोकं उघडलं की रबराचा वास सुटणारे. ते यात्रेसाठी घेतले म्हणून यात्रेआधी घालायचे नाहीत, असा संकेत. पाहुण्यांना दाखवायचे, कागदात गुंडाळायचे आणि पुन्हा कपाटावर ठेवायचे.

इथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळा मुद्दा तिच्यात आहे. अशा पुष्कळ बुटांच्या तळव्यात पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू कुजतो. बूट वापरात असले तर हे कुजणं मंदावतं. खोक्यात ठेवून दिले तर पाच-सात वर्षांत तळवा भुसभुशीत होतो आणि पहिल्याच मोठ्या चालीत पोपडे होऊन निघून येतो. आता २०१९ साली घेतलेले बूट आणि २०२५ साली उघडलेली यात्रा यांचा हिशेब घाला. सहा वर्षं जपून ठेवलेली वस्तू जपल्यामुळेच नासली. वापरलेले बूट झिजतात हे सगळ्यांना माहीत आहे. न वापरलेले बूटही मरतात, आणि पायांचं त्याहून वेगळं नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. तयारी म्हणून जे जे साठवून ठेवता येतं ते ते शिळं होतं. पासपोर्टची मुदत संपते, जॅकेटला कसर लागते, कापूर उडून जातो, आणि फॉर्मचा नमुना दर वर्षी बदलण्याची टांगती तलवार असतेच.

मग तो चालत का नाही? याचं उत्तर त्याच्यापेक्षा गावात शोधावं. जानेफळमध्ये कारणाशिवाय चालणारा माणूस ही जातच अस्तित्वात नाही. सकाळी सहाला उमेदवार मेहकर रस्त्याला लागला, की दुसऱ्याच मिनिटाला शेजारी मोटारसायकल थांबते. ‘बसा नं भाऊ, कुठी चालले?’ कुठेच नाही, असं उत्तर देता येत नाही, कारण कुठेच नाही म्हणणारा माणूस एकतर भांडून निघालेला असतो किंवा डोक्याने गेलेला. चालायचा सराव करतोय म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला : ‘काहून? शुगर निंघाली का?’ दोन दिवस नाही म्हणून झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो भिडेखातर मागे बसतो, मेहकरला उतरतो, चहा पितो आणि एस.टी.ने परत येतो. गावात पायी चालण्याला दोनच प्रतिष्ठित कारणं आहेत, मधुमेह आणि वारी. कैलासाचा सराव दोन्हीत बसत नाही. आणि गंमत अशी, की याच घरातलं एक माणूस रोज शेतात पायी जातं, निंदणाला ओणवं होतं, येताना डोक्यावर गवताचा भारा आणतं. तिचं वजन नियमात आहे, गुडघे शाबूत आहेत, चढावर बोलता बोलता चालायची सवय आहे. तिने अर्ज भरलेला नाही. तिच्याकडे पासपोर्टही नाही. २०२५ च्या साडेपाच हजार अर्जांत बायकांचे अर्ज १,५३७ होते, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडे जास्त. त्यांत निंदणाहून आलेल्या किती असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

जानेफळला तर हा विरोधाभास दर वर्षी दारापर्यंत चालत येतो. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची पालखी आषाढीसाठी सुमारे साडेसातशे किलोमीटर चालून पंढरपूर गाठते आणि परतीच्या वाटेवर लोणार, मेहकर करत जानेफळला येते. इथून पुढे खामगाव, मग शेगाव. पांढऱ्या कपड्यांतले शेकडो वारकरी, ओळीने, टाळांच्या ठेक्यावर पावलं टाकत जातात. जाणं-येणं धरून हजाराच्या वर किलोमीटर पायाखाली गेलेला माणूस उमेदवाराच्या ओसरीवर चहा घेतो. उमेदवार त्याच्या पायांकडे बघतो. पायात साधी चप्पल, अंगठ्याला फडकं. त्याला बुटांचं खोकं दाखवावं की नाही, हा पेच या यात्रेतला खरा अवघड घाट आहे. बहुतेक उमेदवार दाखवतात. वारकरी बूट हातात घेतो, उलटसुलट बघतो, ‘चांगले हायेत’ म्हणतो आणि टाळ उचलतो. शंभर तज्ज्ञांच्या सल्ल्याइतकी किंमत त्या दोन शब्दांना आहे, पण उमेदवार ती प्रशंसा म्हणून जमा करतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्त आहे. पंढरीची वाट आणि डोल्मा ला यांची तुलनाच चुकीची, असं कोणी म्हणेल. वाटेत गावं आहेत, दवाखाने आहेत, हवा पोटभर आहे. तिकडे चूक झाली तर माणूस जातो. खरंच आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये पिथोरागड जिल्ह्यात मालपा इथे दरड कोसळून दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यांत कैलासाचे यात्रेकरू होते आणि नृत्यांगना प्रोतिमा बेदीही होत्या. दिल्लीतल्या वैद्यकीय तपासण्या आणि वर डोंगरात पुन्हा होणारी तपासणी हौसेखातर ठेवलेली नाही. त्याहून पुढचंही मान्य केलं पाहिजे : चालायचा कितीही सराव केला तरी उंचीचा त्रास टळतोच असं नाही, तो धट्ट्याकट्ट्या तरुणालाही होतो. त्यावर इलाज म्हणजे सावकाश चढणं, मधे विसावा घेणं आणि डॉक्टरने सांगितलेलं औषध. मग चालण्याचा एवढा आग्रह कशाला? याचं कारण असं, की ज्याला आपला रोजचा दम माहीत नाही त्याला उंचीवरचा वेगळा दम ओळखू येत नाही. पाय थकले म्हणून धाप लागली, की फुप्फुसात काही बिघडतंय, हे सवयीच्या माणसाला कळतं आणि तो वेळेवर बोलतो. बिनसरावाच्या माणसाला पहिल्या मैलापासून सगळंच सारखं वाटत असतं, आणि म्हणून तो शेवटपर्यंत ‘होईल, होईल’ म्हणत राहतो. धोका मोठा आहे म्हणून चालण्याची गरज कमी होत नाही. ती वाढते.

दुसरा आक्षेप वारकऱ्याकडून येईल, आणि तो गमतीचा आहे. आम्ही तयारीशिवाय निघतो असं कोणी सांगितलं, असं तो विचारील. पालखीबरोबर सामानाच्या गाड्या असतात, पाण्याचे टँकर असतात, औषधोपचाराची सोय असते, मुक्कामाची गावं आणि जेवणावळी कितीतरी आधी ठरलेल्या असतात. वारकरी मोकळ्या हाताने चालतो कारण त्याचं ओझं व्यवस्थेने उचललेलं असतं. हे अगदी बरोबर, आणि म्हणून वारकऱ्याला बेफिकीर ठरवून उमेदवाराला हिणवणं अन्यायाचं होईल. तयारीची हौस ही नव्या पैशाची खूणही नाही. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाच्या पदयात्रेसाठी बाराव्या शतकात लिहिलेली मार्गदर्शिका ‘कोडेक्स कॅलिक्स्टिनस’ या हस्तलिखितात आहे. कोणत्या नदीचं पाणी पिऊ नये, कुठले लोक कसे वागतात, हे त्यातही बारकाईने सांगितलेलं आहे. आज फ्रान्सच्या हद्दीतून निघून ती वाट पुरी चालायची तर पावणेआठशेच्या आसपास किलोमीटर होतात, पण शेवटचे १०० पायी केले तरी प्रमाणपत्र मिळतं, आणि फार मोठी गर्दी त्या शंभरापुरतीच चालते. म्हणजे सोय पाहणं हा यात्रेकरूचा जगभरचा स्वभाव आहे. प्रश्न तयारी करावी की नाही हा नाहीच. वारकऱ्याच्या आणि उमेदवाराच्या तयारीत फरक एवढाच, की वारीत सामान गाडीत असतं आणि पाय ज्याचे त्याला वापरावे लागतात. उमेदवाराच्या तयारीत सामान जवळ असतं आणि पाय घोड्याचे असतात. परिक्रमेला घोडा आणि हमाल भाड्याने मिळतात, हे तो पहिल्याच दिवशी वाचून ठेवतो.

तिसरा आक्षेप खुद्द उमेदवाराचा, आणि तो सगळ्यांत व्यवहारी आहे. सोडत आहे साहेब, तो म्हणतो. २०२५ मध्ये सात-साडेसात अर्जांत एकाचा नंबर लागला. लागलाच नाही तर सहा महिने रोज पहाटे पाय तुडवून काय मिळालं? नंबर लागू द्या, मग बघू. यात तर्क आहे, पण उलट्या जागी लावलेला. सोडतीचा निकाल मेमध्ये लागतो आणि तुकड्या जूनपासून निघतात. महिन्याभरात पाय तयार होत नाहीत, फार तर सुजतात. शिवाय त्याच दिवसांत पेरणी तोंडावर असते, बियाणं आणायचं असतं, खताची रांग असते, आणि सराव पहिल्या पावसात वाहून जातो. आता दुसरी बाजू बघा. नंबर न लागण्याची शक्यता एवढी मोठी आहे म्हणूनच वाया न जाणारी तयारी आधी केली पाहिजे. आणि ‘नंबर लागू द्या, मग बघू’ हा नियम तो बुटांना लावत नाही. ते मात्र नंबर लागण्याआधी सहा वर्षं घेऊन ठेवतो. जॅकेट, काठ्या, हातमोजे या यात्रेवाचून निरुपयोगी वस्तू आहेत. चालणं हे यात्रा झाली नाही तरी उपयोगी पडतं : वजन उतरतं, साखर ताब्यात राहते, आणि शेवटी शुगरची चौकशी करणाऱ्यांना खरं उत्तर देता येतं. जी तयारी फुकट जाऊ शकते ती आधी करायची आणि जी फुकट जाऊच शकत नाही ती नशिबावर सोडायची, असा हा हिशेब आहे. सोयाबीनचा भाव तोंडपाठ असलेल्या माणसाने तो मान्य करावा, हे नवल आहे.

एवढं सगळं म्हटल्यावर या उमेदवाराच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. गावात परदेशाची वाट कोणाला ठाऊक नसते तेव्हा ती याला ठाऊक असते. पासपोर्टला कोणता दाखला लागतो, नावातली चूक कुठे दुरुस्त होते, नोटरी किती घेतो, हे विचारायला शिकायला निघालेली पोरं त्याच्याकडेच येतात आणि त्याच्या कागदांच्या पिशवीच्या जोरावर स्वतः कुठल्या कुठे पोचतात. तो राहतो जानेफळमध्येच, पण त्याच्या तयारीने दुसरे निघतात. तेव्हा त्याला नावं ठेवू नयेत. त्याने फक्त क्रम बदलावा. जानेफळहून शेगावचं अंतर कैलासाच्या परिक्रमेहून कमी भरणार नाही. अर्ज भरण्याआधी ते एकदा तीन दिवसांत चालून दाखवावं, पालखीबरोबर जमलं तर उत्तमच. खामगावहून शेगावपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याला तर सारी पंचक्रोशी पायी लोटते, तिथे गाडी थांबवून ‘बसा नं भाऊ’ म्हणणारा कोणी भेटत नाही. नवे बूट घालूनच निघावं. चावले तर खामगावच्या बाजारात चप्पल मिळते, डोल्मा लावर मिळत नाही. आणि जाताना बायकोला बरोबर घ्यावं, परत आल्यावर तिचाही पासपोर्ट काढावा. सोडतीत नंबर कोणाचा लागेल हे संगणक ठरवील. दिल्लीच्या तपासणीत त्या घरातून कोण उत्तीर्ण होईल, हे आजच सांगता येतं.